पांढऱ्या ठिपक्यांचा हिशोब

एमआरआयची फिल्म घरी आली त्या संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, ती पाकिटातून काढली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. छत्तीस वर्षं बँकेत कॅशियर म्हणून काढलेला माणूस. पाचशेची नोट खरी की खोटी हे बघायला जसा हात वर जायचा, तसाच गेला. काळ्या फिल्मवर मेंदूचे वीस-बावीस काप ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येक कापात मध्यभागी, दोन्ही बाजूंना, पिठाचा हात लागावा तसे पांढरे डाग.

‘हे पांढरं काय आहे गं?’ त्यांनी मला विचारलं.

मी रिपोर्ट वाचला होता. त्यात एक ओळ होती : क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस. पुढे मेंदू वयोमानानुसार थोडा आकसल्याचा उल्लेख. ट्यूमर नाही, मोठा रक्तस्राव नाही. तेवढं वाचून मी सुटकेचा श्वास टाकला होता.

‘काही नाही अप्पा, वयाचं आहे,’ मी म्हटलं.

मी चुकीचं सांगितलं होतं, हे कळायला मला आणखी तीन आठवडे लागले. तुमच्या कपाटातही आईवडिलांच्या नावाची अशी एखादी फिल्म असेल आणि तिच्या रिपोर्टात हीच ओळ असेल, तर पुढचं जरूर वाचा.

अप्पा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे खजिनदार. निवृत्तीनंतर अकरा वर्षं त्यांनी ते काम पै-पैचा हिशोब ठेवून केलं. मग एका वर्षी ऑडिटच्या वेळी रोकडीत अकरा हजार चारशे रुपये कमी भरले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण आम्ही जिन्यातून उतरायला लागलो की खालचं बोलणं थांबायचं. अप्पा रात्र रात्र वह्या पसरून बसत. एरवी बोट फिरवत अख्ख्या पानाची बेरीज करणारा माणूस एका रकान्यापाशी तास तास अडायचा. शेवटी त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरले आणि राजीनामा दिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्याआधी दोनेक वर्षं घरात बारीकसारीक काही ना काही चाललेलंच होतं. आंघोळीला पाऊण तास. टीव्ही चालू, पण बघणं नाही. पेपर समोर, पण पान उलटत नाही. हाक मारल्याशिवाय उठणं नाही. चालताना पावलं लहान लहान पडायची, जमिनीला चिकटल्यासारखी. लघवीची घाई व्हायची आणि कधी कधी बाथरूमपर्यंत पोचता यायचं नाही. गंमत बघा, या प्रत्येक गोष्टीसाठी आम्ही वेगळा डॉक्टर गाठला. चालण्यासाठी हाडांचे, लघवीसाठी प्रोस्टेटचे. गप्प राहण्यासाठी मात्र कुणीच नाही, कारण निवृत्त माणूस गप्पच असतो अशी आमची समजूत. सासूबाई म्हणायच्या, ‘मुद्दाम करतात. एक काम तीनदा सांगावं लागतं.’ माझे पती हसून म्हणायचे, ‘साठी बुद्धी नाठी.’

विसरभोळेपणा म्हणावा, तर तसंही नव्हतं. १९७४च्या रेल्वे संपात कोण कसं बँकेत पोचलं हे अप्पा नावानिशी सांगत. सकाळी काय खाल्लं हेही, थोडं सुचवलं की, आठवे. म्हणूनच आम्ही निर्धास्त होतो. डोक्याचा आजार म्हणजे विसरणं, न विसरणाऱ्याला तो नसतो, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

टेलच्या शेताला पाणी पोचत नाही

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. हा पुरवठा करणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या मेंदूच्या तळाशी आणि पृष्ठभागावर असतात. त्यांच्यापासून अत्यंत बारीक फांद्या फुटून आत खोल शिरतात. बहुतेकींची जाडी एक मिलीमीटरही नाही, पुष्कळशा केसाएवढ्या. आणि त्या जिथे संपतात तिथे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वाहिनीशी जोड नसतो. एक बंद पडली तर शेजारीण धावून येत नाही.

कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. हेडकडच्या वावराला पाणी मुबलक मिळतं. टेलकडचा बिचारा बांधावर उभा राहून वाट बघतो. चारीत गाळ साचला, कुठे भराव खचला, तर पहिला फटका टेललाच. मेंदूच्या पोटातला पांढरा भाग, ज्याला श्वेतद्रव्य म्हणतात, तो असा टेलचा मुलूख आहे.

वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली वाट अरुंद होते. मधुमेह, तंबाखू आणि वय यांचाही त्यात वाटा असतो. भिंतींचा लवचीकपणा गेला की गरजेनुसार रुंद होण्याची त्यांची ताकद जाते. काही ठिकाणी त्या पाझरूही लागतात. भोवतालची पेशीजाळी उपाशी, सुजलेली, विरळ होत जाते. एखादी वाहिनी पूर्ण बुजली तर तिच्या टोकाचा छोटा तुकडा मरतो आणि कालांतरानं तिथे पाण्यानं भरलेला खळगा उरतो. एखादी फुटली तर रक्ताचा ठिपका उमटतो. अर्धांगवायूसारखा मोठा झटका येईलच असं नाही. बहुतेकदा काहीच जाणवत नाही. सगळं मुकाट्यानं होतं.

श्वेतद्रव्य म्हणजे तारा. मेंदूच्या एका भागाचा दुसऱ्या भागाशी चालणारा सारा व्यवहार या तारांतून होतो आणि कपाळामागचा जो भाग आखणी करतो, कामांचा क्रम लावतो, सुरुवात करायला लावतो, तो या तारांवर फार अवलंबून असतो. गोदाम शाबूत आहे, पण मालाची ने-आण करणारे रस्ते खड्ड्यांनी भरलेत, अशी अवस्था होते. म्हणून संप आठवतो, पण बेरीज अडते. म्हणून चहा करायचा असतो, साखरेचा डबा हातात असतो आणि पुढे काय ते सुचत नाही. चालण्याचा आणि लघवी रोखण्याचा हुकूमही याच वाटेनं जातो. आम्ही तीन दिशांना पळत होतो तो आजार एकच होता.

अल्झायमरच्या सावलीत

हा आजार नवा नाही. १८९४ साली जर्मनीतल्या येना इथले प्राध्यापक ओटो बिन्सवांगर यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं. मेंदूचा पृष्ठभाग बराचसा ठीक, पण आतलं श्वेतद्रव्य झिजलेलं. (तत्त्वज्ञ नीत्शेचं मन बिघडलं तेव्हा १८८९मध्ये त्याला आणलं होतं ते यांच्याच रुग्णालयात.) पुढे १९०२ साली एका तरुण डॉक्टरानं याच आजाराचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास पुढे नेला आणि त्याला ‘बिन्सवांगरचा आजार’ असं नाव दिलं. त्या डॉक्टरचं नाव आलॉइस अल्झायमर! त्यानं १९०६मध्ये मांडलेली दुसऱ्याच आजाराची केस इतकी गाजली की आज म्हातारपणी बुद्धी मंदावली की प्रत्येकाच्या तोंडी त्याचंच नाव येतं. रक्तवाहिन्यांवरचं त्याचं काम मात्र मागे पडलं.

त्या काळी निदान व्हायचं मृत्यूनंतर, मेंदू कापून. खळग्यांसाठी ‘लॅक्यून’ हा फ्रेंच शब्द एकोणिसाव्या शतकापासून होता. पण ते नेमके का पडतात हे उलगडलं सी. मिलर फिशर या कॅनडियन डॉक्टरानं, बॉस्टनमध्ये, १९६०च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत वर्षं घालवलेला हा माणूस चिकाटीचा होता. मेंदूचे अत्यंत पातळ काप एकामागून एक घेत तो खळग्यापासून बुजलेल्या वाहिनीपर्यंत माग काढत जायचा. चढ्या रक्तदाबाचा हात त्यानं असा शोधला.

जिवंत माणसाच्या कवटीत डोकावण्याची सोय झाली १ ऑक्टोबर १९७१ या दिवशी. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात एका बाईंच्या डोक्याचा सीटी स्कॅन काढण्यात आला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीतले, म्हणजे गाण्याच्या तबकड्यांवरचा आपला तो एचएमव्हीचा कुत्रा ज्या घराण्यातला, तीच ही कंपनी. हाउन्सफील्डना १९७९चं नोबेल मिळालं. सीटी जसा घरोघरच्या म्हाताऱ्यांचा निघू लागला, तसा डॉक्टरांना एक पेच पडला. पुष्कळांच्या मेंदूत आतल्या बाजूला धूसर, काळपट पट्टे दिसत. हे काय आहे हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. तेव्हा १९८७मध्ये व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला कारण न सुचवणारं, फक्त वर्णन करणारं नाव दिलं : ल्युकोअरायोसिस. ग्रीक भाषेत अर्थ एवढाच, पांढऱ्याचं विरळ होणं. माहीत नसेल तेव्हा माहीत नाही असं म्हणण्याचा प्रामाणिकपणा मला इथे फार आवडला.

मशीन काय बघतं?

एमआरआयमध्ये क्षकिरण नसतात. असतं ते प्रचंड चुंबक. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या दीड टेस्लाच्या यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे कण त्यात रांगेत उभे राहतात. रेडिओलहरींचा ठोका दिला की ते ढळतात आणि परत जागेवर येताना बारीक संदेश सोडतात. त्या संदेशांचं चित्र बनतं. म्हणूनच आत जाताना अंगावर धातू चालत नाही, पेसमेकर असेल तर आधीच सांगावं लागतं आणि आत तो ठोक-ठोक आवाज होतो. अप्पा बाहेर आल्यावर म्हणाले, ‘दिवा-वसई पॅसेंजरच्या चाकांखाली झोपल्यासारखं वाटलं.’ बऱ्याच दिवसांनी त्यांनी विनोद केला होता.

एकाच मेंदूचे वेगवेगळ्या पद्धतींनी फोटो घेतले जातात आणि या आजारात प्रत्येकाचं काम निराळं. पाणी पांढरं दिसेल अशी एक पद्धत आहे, टी-टू. विरळ झालेल्या जागी पाणी वाढलेलं असतं म्हणून तिथे पांढरे डाग पडतात. पण मेंदूच्या पोकळ्यांतही पाणीच असतं. तेही पांढरं दिसतं आणि कडेचे डाग त्यात लपून जातात. त्यावर लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलातल्या मंडळींनी १९९२च्या सुमारास उपाय काढला, फ्लेअर नावाचा. त्यात पोकळ्यांतलं मोकळं पाणी काळं पडतं आणि डाग उठून दिसतात. अप्पांनी ट्यूबलाइटसमोर धरले होते ते फ्लेअरचेच काप. खळगेही यात ओळखता येतात. आत काळे, कडेला पांढरी किनार, आकार तीन ते पंधरा मिलीमीटर.

आणखी एक पद्धत लोहाला पकडते. बारीक रक्तस्राव विरून गेला तरी रक्तातल्या लोहाचा अंश वर्षानुवर्षं तिथेच राहतो आणि या फोटोत तो काळ्या टिंबासारखा उमटतो. टिंब कुठे आहे हे फार महत्त्वाचं. मेंदूच्या गाभ्यात असतील तर संशय रक्तदाबावर. फक्त पृष्ठभागाजवळ असतील, तर वाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठण्याचा वेगळाच आजार असू शकतो. अल्झायमरसाठी अमेरिकेत २०२३ आणि २०२४मध्ये मंजूर झालेली अमायलॉइड हटवणारी इंजेक्शनं देण्याआधी ही टिंबं मोजून घेतात ती यासाठीच. ती जास्त असतील तर त्या औषधानं मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. चौथी पद्धत, डिफ्युजन, ताजी इजा दाखवते. गेल्या काही दिवसांत एखादी बारीक वाहिनी बुजली असेल तर ती जागा त्यात दिव्यासारखी पेटते.

पूर्वी प्रत्येक डॉक्टर या डागांना आपापलं नाव द्यायचा आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला लागू पडायचा नाही. २०१३मध्ये एडिनबराच्या जोॲना वॉर्डलॉ यांच्या पुढाकारानं देशोदेशींच्या तज्ज्ञांनी सामाईक व्याख्या ठरवल्या. २०२३मध्ये त्यांत सुधारणा झाल्या.

आता महत्त्वाची मेख. एवढ्या सगळ्या खटाटोपात ती आजारी वाहिनी स्वतः दिसतच नाही! नेहमीच्या यंत्राला इतकं बारीक दिसत नाही. दिसतं ते वाहिनीनं करून ठेवलेलं नुकसान. म्हणजे चारी दिसत नाही, वाळलेलं वावर दिसतं. आणि हे वावर आज-काल वाळलेलं नाही. अप्पांच्या फिल्मवरचे डाग त्यांच्या पन्नाशीपासून जमत आलेले असणार.

डाग सगळ्यांनाच, मग घाबरायचं कुणी?

हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात साठ ते नव्वद वयाच्या १,०७७ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांत एकही पांढरा डाग नसलेले निघाले फक्त पाच टक्के. म्हणजे साठीनंतर दोन-चार ठिपके जवळजवळ केस पांढरे होण्याइतकेच सर्रास. ‘वयाचं आहे’ हे वाक्य इथून येतं आणि त्यात काही खोटं नाही.

प्रश्न किती, हा आहे. त्यासाठी १९८७मध्ये फ्रान्झ फझेकास यांनी सोपी मोजपट्टी दिली. शून्य म्हणजे डाग नाहीत. एक म्हणजे सुटे ठिपके. दोन म्हणजे ठिपके एकमेकांना भिडायला लागलेत. तीन म्हणजे मिसळून मोठे पट्टे झालेत. युरोपात ‘लॅडिस’ नावाच्या अभ्यासात स्वतःची कामं स्वतः करणाऱ्या ६३९ वृद्धांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांचे डाग तीन नंबरचे होते, त्यांचं परावलंबी होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण एक नंबरवाल्यांच्या दुपटीहून अधिक निघालं. म्हणून रिपोर्टात नुसतं ‘चेंजेस’ असेल तर विचारा : फझेकास किती? खळगे आहेत का, कुठे? रक्ताची टिंबं? रेडिऑलॉजिस्टला हे सांगायला फारसा वेळ लागत नाही. अप्पांचा आकडा तीन होता आणि गाभ्यात दोन खळगे होते. रिपोर्टात मात्र ती एकच गुळमुळीत ओळ.

तरीही नुसत्या फिल्मवरून माणूस ओळखता येत नाही. डाग भरपूर असूनही काही जण उत्तम पत्ते खेळतात. थोड्या डागांनीही काही जण कोलमडतात, कारण पुष्कळांना हा आजार आणि अल्झायमर दोन्ही एकत्र असतात. त्यासाठी माणसासमोर बसावं लागतं. आम्हाला शेवटी भेटले त्या मेंदूच्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि अप्पांना कोरा कागद दिला. ‘घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.’ अप्पांनी गोल छान काढला. आकडे मात्र सगळे उजव्या अर्ध्या भागात दाटीनं बसवले. काटे काढायला पेन टेकवलं आणि थांबले. दोन मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मुद्दाम कुणी असं करत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

घड्याळ काढण्याची, आकडे-अक्षरं आळीपाळीनं जोडण्याची कसोटी ‘मोका’ या तीस गुणांच्या चाचणीत असते. ती कॅनडाच्या झियाद नासरेद्दीन यांची, २००५मध्ये प्रसिद्ध झालेली. त्याआधीपासून सर्वत्र वापरली जाणारी १९७५ची चाचणी तारीख-वार, आठवण, भाषा यांवर भर देते. तिच्यात अप्पा आधी एका दवाखान्यात झकास पास झाले होते!

रक्तदाबाव्यतिरिक्तही हा आजार होतो, तोही तरुणांना. काही कुटुंबांत ऐन तारुण्यात अर्धशिशी, चाळिशी-पन्नाशीत वारंवार छोटे झटके आणि मग बुद्धी मंदावत जाणं, असं पिढ्यान् पिढ्या चालतं. कॅडॅसिल हे त्याचं नाव. १९९६मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी त्याला कारण असलेला नॉच-३ हा जनुक शोधला. त्याचे पांढरे डाग कानशिलामागच्या भागाच्या टोकाला पडतात, जिथे रक्तदाबाचे डाग सहसा नसतात. या आजारानं एक गोष्ट पक्की केली. अल्झायमरचा लवलेश नसतानाही केवळ बारीक वाहिन्यांच्या दोषानं माणसाची बुद्धी झिजू शकते. भावंडांत असा प्रकार दिसला तर त्याला नशीब म्हणून सोडू नका.

गोळी बंद केली त्याची गोष्ट

डॉक्टरांनी विचारलं, ‘बीपीची गोळी कधीपासून?’ अप्पा म्हणाले, ‘बावन्नाव्या वर्षी सुरू केली होती. मग बंद केली. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. उगाच कशाला?’ बंद करून किती वर्षं झाली? सासूबाईंनी बोटांवर मोजलं. सतरा.

हे आमच्याच घरचं नाही. आयसीएमआरच्या पाठबळानं देशभर झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात सुमारे साडेएकतीस कोटी लोकांना उच्च रक्तदाब आणि दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या राष्ट्रीय अभ्यासानं साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं काढलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढच्या पंचवीस वर्षांचं चित्र कुणालाही दिसेल. आपल्याकडच्या मेंदूंचं काय होतं हे बघण्यासाठी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेडुतांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय, त्यात एमआरआयही आहे. ही आकडेमोड इतकी वर्षं परदेशी मेंदूंवरच चालली होती.

दाब उतरवून डाग थांबतात का? अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत पन्नाशीपुढच्या ९,३६१ जणांचे दोन गट केले गेले. एकाचा वरचा दाब १४०च्या खाली, दुसऱ्याचा १२०च्या खाली ठेवायचा. २०१९मध्ये निकाल आले. कडक नियंत्रणाच्या गटात बुद्धी थोडी मंदावण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं. पूर्ण डिमेन्शियातला फरक मात्र ठाम म्हणावा इतका निघाला नाही. यातल्या काहींचे एमआरआय सुमारे चार वर्षांच्या अंतरानं दोनदा काढले. पांढरे डाग १४०च्या गटात १.४५ घन सेंटिमीटरनं वाढले, १२०च्या गटात ०.९२नं. वाढ थांबली नाही, पण पाऊल हळू पडलं. या चाचणीत मधुमेही आणि आधी झटका आलेले रुग्ण नव्हते, हेही लक्षात घ्या आणि १२०चा आकडा वाचून स्वतःच्या मनानं गोळ्या वाढवू नका. म्हाताऱ्या माणसाचा दाब उभं राहताना एकदम उतरला तर तो पडतो. मांडीचं हाड मोडणं हे डागांपेक्षा कमी वाईट नाही.

‘रक्त पातळ करायची गोळी द्या ना,’ असं आम्हीही म्हणालो होतो. तेही तपासून झालं आहे. बारीक वाहिनी बुजून झटका आलेल्या ३,०२० रुग्णांना ॲस्पिरिनच्या जोडीला आणखी एक गोळी दिली, तर २०१२च्या निकालात नव्या झटक्यांत फारसा फरक पडला नाही, रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले. झटका आलेला नसताना, नुसत्या डागांपायी, ॲस्पिरिन देऊ नये असाच युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. ब्रिटनमध्ये दोन जुन्या औषधांवर प्रयोग झाले. २०२३चे निकाल आशा दाखवणारे होते, पण चाचणी लहान, ३६३ माणसांची. बाकी ‘बुद्धिवर्धक’ बाटल्यांवर आम्ही जो खर्च केला, त्यात एक चांगलं बीपी मशीन आलं असतं.

पडलेले खळगे भरून येत नाहीत. हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पुढचे पडू नयेत म्हणून दाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघायचं, तंबाखू सोडायची, मीठ कमी करायचं, रोज चालायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही. आमच्या घरी लोणचं, पापड आणि भाकरीच्या पिठातलं धरून हिशोब मांडला, तर तो दुपारच्या जेवणातच संपत होता.

आम्ही काही गोष्टी बदलल्या. त्यांना एका वेळी एकच काम सांगतो. ‘आंघोळ करून, कपडे बदलून, बाहेर या’ असं एका दमात म्हणत नाही. उत्तराला वेळ देतो. माझ्या नवऱ्याला हे सगळ्यात अवघड गेलं, त्यांना मधेच वाक्य पूर्ण करायची सवय. बाथरूमच्या वाटेवर रात्री दिवा असतो, भिंतीला दांडी बसवली.

आणि ते अकरा हजार चारशे? राजीनाम्यानंतर आठ महिन्यांनी माझे पती अप्पांच्या फायली बांधून ठेवत होते, तेव्हा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये एक पावती निघाली. पाण्याच्या पंपाची मोटर नव्यानं भरून घेतल्याची. रोख दिलेले, सही-शिक्क्यानिशी. पैसे दिले होते, वहीत चढवायचे राहिले होते. पती पावती घेऊन थेट सेक्रेटरींकडे गेले. एमआरआयचा रिपोर्टही नेला होता, पण तो दाखवायची वेळ आली नाही. पुढच्या मीटिंगला अप्पांना मुद्दाम बोलावून पैसे परत दिले गेले. त्यांनी ते मोजले. वेळ लागला. सगळे थांबले.

आता जेवणाच्या टेबलावर एक लांब वही असते. सकाळ-संध्याकाळ सासूबाई पट्टा बांधतात, अप्पा आकडा वाचून वहीत लिहितात. तारीख, वेळ, वरचा, खालचा, गोळी घेतली. अक्षर थोडं लहान झालंय, पण रकाने सरळ आहेत. बँकेत कॅशियरच्या सहीखाली दुसऱ्याची तपासणीची सही लागते, तशी प्रत्येक पानाखाली सासूबाईंची सही त्यांनी सुरू करून घेतली. काल संध्याकाळचा आकडा १२८/७६. सासूबाईंनी चष्मा लावून मशीनवर पुन्हा बघितलं, मगच सही केली.